संदर्भांची मोजदाद आणि संशोधनाचे मोल

विद्वत्तेचे मोजमाप करण्याचा मोह जुनाच आहे. परंतु ते केवळ आकड्यांनी करता येते, ही समजूत अलीकडच्या काही दशकांतच दृढमूल झाली. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली अमेरिकेत शास्त्रीय निबंधांतील संदर्भांची सूची प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तो पूर्वसूरींचे काम शोधणे सुलभ व्हावे म्हणून. पुढे २००५ साली पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला. ज्याच्या चाळीस निबंधांचा प्रत्येकी किमान चाळीस वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक चाळीस. शोधाचे साधन अशा रीतीने श्रेष्ठत्वाचे माप होऊन बसले.

औषधांचा मानवी शरीरावरील परिणाम तपासणाऱ्या क्लिनिकल फार्माकॉलॉजीच्या क्षेत्रात हे माप किती फसवे ठरते, याचे एक उदाहरण विचार करण्याजोगे आहे. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसताना ते जडल्याची बऱ्यापैकी नोंद केवळ चौघांबाबत आढळली, एवढेच त्यात म्हटले होते. हे रुग्ण रुग्णालयात दाखल झालेले होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्या पत्रात अवाक्षर नव्हते.

पुढे जे घडले त्याचा दोष पत्राला देता येणार नाही. २०१७ साली त्याच नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार या पत्राचा ६०८ वेळा संदर्भ देण्यात आला. त्यांपैकी ४३९ लेखकांनी ही औषधे घेतली तरी व्यसन क्वचितच लागते, याचा पुरावा म्हणून ते पुढे केले. आणि ४९१ जणांनी हे रुग्ण रुग्णालयातील होते, हे सांगण्याची तसदीही घेतली नाही. १९९६ साली बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिनच्या उत्पादकांनी व्यसनाचा धोका अल्प असल्याचा प्रचार केला आणि २००७ साली दिशाभूल केल्याची कबुली न्यायालयात दिली. या विपत्तीची कारणे अनेक आहेत. पण १९९९ पासून अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने अमेरिकेत सात लाखांहून अधिक माणसे दगावली, त्या इतिहासात या न वाचलेल्या पत्राचाही वाटा आहे. संदर्भसंख्येच्या तराजूत मात्र ते पत्र अत्यंत ‘प्रभावी’ ठरते!

याची दुसरी बाजू आपल्याच देशात सापडते. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेचा उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर होणारा गुण एका भारतीय मासिकात नोंदविला. पाश्चात्त्य वैद्यकाने त्याची जवळजवळ दोन दशके दखल घेतली नाही. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले, ते बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचले आणि ही वनस्पती आपल्या रुग्णांवर पारखून पाहिली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तीतून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. १९५७ साली वकील यांना लास्कर पारितोषिक लाभले. १९३१ सालच्या निबंधाचे सत्य १९४९ नंतर वाढले नाही. वाढले ते वाचक.

भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी प्रकाशित निबंधांची अट आहे. अध्यापकाने संशोधन करावे, हा तिचा हेतू स्तुत्यच म्हटला पाहिजे. परंतु निबंधांची गणती आणि संदर्भांची बेरीज एवढ्यावरच निवड समित्या विसंबल्या, तर संख्या वाढविण्याच्या युक्त्या फोफावतील आणि ज्याला दहा वर्षे एकाच प्रश्नाशी झुंजावयाचे आहे, तो मागे पडेल. उमेदवाराकडून त्याचे सर्वोत्तम असे तीन-चार निबंध मागवावेत, ते समितीच्या सभासदांनी स्वतः वाचावेत आणि रुग्णाच्या उपचारात त्यामुळे काय बदलले, हे त्याला विचारावे. मूळ निबंध न वाचता त्याचा दाखला देणे हा अप्रामाणिकपणा होय, हेही विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले गेले पाहिजे. औषधशास्त्रातील चुकीच्या दाखल्याची किंमत लेखकाला द्यावी लागत नाही. ती अखेर रुग्णाकडून वसूल होते.