हात पुढे केला म्हणून

मे महिन्यात मुंबई, पुणे, नागपूरहून आम्ही बावीसजण दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी जमलो. एक दिवस समुद्र पाहण्याचा ठरला. तांदळाच्या भाकऱ्या बांधून घेतल्या आणि टेम्पोने हर्णै बंदर गाठले.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे त्याचे पाठीराखे. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांचे आरमार मदतीला घेऊन तो तुळाजी आंग्रे यांच्याकडून जिंकला. घरातली फूट परक्याच्या पथ्यावर पडते, असे आम्ही मुलांना सांगितले खरे. पण सांगताना आम्हीच ओशाळलो. गावच्या घराच्या वाटणीवरून आमचे बाबा आणि आत्या सात वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते.

किल्ल्यापाशी होडी थोडी अलीकडेच थांबली. गुडघाभर पाण्यात उतरायचे होते. आत्या होडीचा काठ धरून बसून राहिली. पुढे गेलेले बाबा मागे वळले. त्यांनी हात पुढे केला.

"ये ताई, ही लाट जाऊ दे, मग पाय टाक."

आत्याने हात धरला. दरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव दोघांनी मिळून पाहिले.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव लागला. बाबांनी सुरमई घेतली. "डोकं ताईला ठेवा," म्हणाले.

वाटणी अजून व्हायची आहे. पण आता दोघे समोरासमोर बसून बोलतात. वाचकहो, तुमच्याही घरात असा अबोला असेल, तर आधी हात कोणी पुढे करायचा, याचा हिशेब मांडत बसू नका.