‘राईस बॅग’ म्हणण्याआधी नगरच्या मंडळीचा इतिहास वाचा

गेल्या काही वर्षांत एक शिवी आपल्या पोरांच्या तोंडी रुळली आहे. ख्रिस्ती झालेल्या दलिताला ‘राईस बॅग’ म्हणायचे. म्हणजे तांदळाच्या गोणीसाठी धर्म विकणारा. ही शिवी कोणी तयार केली, कोणत्या आयटी सेलमधून ती आपल्या मोबाईलवर आली, याचा विचार न करता निळा झेंडा डीपीला लावलेली मुलेही ती फॉरवर्ड करतात. आम्हाला याचा संताप येतो. आम्ही ख्रिस्ती नाही, बौद्ध आहोत, बावीस प्रतिज्ञा मानणारे आहोत. तरीही या शिवीविरुद्ध लिहिणे आमचे काम आहे असे आम्ही मानतो. कारण ही शिवी आज शेजाऱ्याच्या दारात पडली असली तरी तिच्यावर पत्ता आपलाही लिहिलेला आहे.

आधी इतिहास पाहू. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले होते. ‘मिशनरी म्हणजे इंग्रज सरकारचा हात’ हे सरसकट वाक्य फेकणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. १८३१ मध्ये या मिशनने अहमदनगरला ठाणे मांडले आणि पुढे नगर जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांत त्यांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या.

हे मिशनरी बहुतांशी काँग्रिगेशनल पंथाचे होते. या पंथाची श्रद्धा समजून घेण्यासारखी आहे. स्थानिक मंडळी हीच पूर्ण चर्च. वर बिशप नाही, पोप नाही. पाळक कोण असावा, सभासद कोणाला करून घ्यावे, पैसा कुठे खर्च करावा, हे मंडळीचे सभासद बसून ठरवणार. देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहित नाही. पवित्र ग्रंथ मातृभाषेत, आणि तो प्रत्येकाने स्वतः वाचायचा. बाप्तिस्मा घेताना चारचौघांत उभे राहून आपल्या तोंडाने साक्ष द्यायची.

आता हे सगळे एकोणिसाव्या शतकातल्या महारवाड्यात नेऊन ठेवा. ज्याच्या सावलीचा विटाळ होता, त्याला सांगितले गेले की ग्रंथ तू स्वतः वाच. वाचायचा म्हणजे अक्षर आले पाहिजे, अक्षर पाहिजे म्हणजे शाळा आली. ज्याने गावच्या पंचांसमोर कधी मान वर केली नाही, तो मंडळीच्या सभेत मत देऊ लागला. येशू देवाचा पुत्र होता की नाही, हा वाद आम्ही बाजूला ठेवतो. बुद्धाच्या मार्गाने चालणाऱ्याला निर्माता ईश्वर मान्य नाही, तारणहारही मान्य नाही. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी श्रद्धा खरी की खोटी एवढेच विचारून थांबत नाही. त्या श्रद्धेने माणसाचे समाजातले स्थान कसे बदलले, हेही तो विचारतो.

आणि हा इतिहास फक्त ‘त्यांचा’ आहे का? जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. या फरारबाई अमेरिकन मराठी मिशनच्याच. १८२७ मध्ये त्या एकट्या, अविवाहित इथे आल्या आणि नगरलाच त्यांचा शेवट झाला. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या चौदा वर्षांच्या मुलीने विचारला. तो निबंध छापला कोणी? ‘ज्ञानोदय’ने. ‘ज्ञानोदय’ हे याच मिशनचे, १८४२ मध्ये नगरला सुरू झालेले नियतकालिक. मुक्ता साळवेचा फोटो आपण बॅनरवर लावतो, आणि तिचा शब्द छापणाऱ्यांच्या आजच्या वारसांना ‘राईस बॅग’ म्हणतो. याला काय म्हणावे?

आता ‘पोटासाठी गेले’ या आरोपाकडे येऊ. होय, दुष्काळात अनेक जण मिशनच्या आसऱ्याला गेले. १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा. पण प्रश्न उलटा विचारा. तो उपाशी का होता? गावाने त्याच्याकडून मेलेली ढोरे ओढून घेतली, सरकारी टपाल वाहून घेतले, वेठ करून घेतली आणि बदल्यात शिळी भाकर वरून टाकली. विहिरीवर पाणी भरू दिले नाही. हजारो वर्षे भुकेच्या दोरीने ज्यांनी माणूस बांधून ठेवला, ते त्याने दोरी तोडली की म्हणतात, भाकरीसाठी गेला! भाकरी मागणे ही लाजेची गोष्ट नाही, माणसाला भाकरीसाठी लाचार करणे ही लाजेची गोष्ट आहे. आणि गोणीभर धान्यासाठी गेलेला माणूस दुष्काळ सरल्यावर परत का आला नाही? पिढ्यानपिढ्या तो तिथे का टिकला? कारण धान्याबरोबर त्याला तिथे नावाने हाक मारली गेली.

पण म्हणून आम्ही मिशनची आरती ओवाळणार नाही. जिथे चुकले तिथे चुकलेच.

पहिली गोष्ट. या मिशनमागची अमेरिकन बोर्ड ही संस्था १८१० मध्ये स्थापन झाली. तिच्या स्वतःच्या देशात काळ्या माणसांची गुलामी चालू होती आणि बोर्डाने त्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घ्यायला टाळाटाळ केली. त्याला कंटाळून गुलामीविरोधी ख्रिस्ती लोकांनी १८४६ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. सातासमुद्रापलीकडच्या विषमतेवर बोलणे सोपे असते, घरातल्या विषमतेवर बोलायला छाती लागते. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकनांना. हा फरक आपण नीट ओळखला पाहिजे.

दुसरी गोष्ट. मिशनऱ्यांचा मोठा जीव ब्राह्मण बाटवण्यात अडकला होता. एक ब्राह्मण आला की सगळा समाज मागे येईल, हे त्यांचे गणित. ते साफ चुकले. आजही मराठी ख्रिस्ती म्हटले की साहित्याच्या वर्तुळात दोनच नावे निघतात, नारायण वामन टिळक आणि पंडिता रमाबाई. दोघेही मोठे, यात शंका नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी शिवाशिव आपल्या मनातून हळूहळू कशी गेली हे ‘स्मृतिचित्रे’त प्रांजळपणे लिहिले, त्याचीही आम्ही कदर करतो. पण नगरच्या खेड्यांतली मंडळी ज्यांच्या खांद्यावर उभी राहिली त्या महार-मांग ख्रिस्ती स्त्री-पुरुषांची नावे किती जणांना माहीत आहेत? धर्म बदलला, पण कोणाचे चरित्र लिहायचे हे ठरवणारी जात बदलली नाही.

तिसरी आणि सर्वांत कडू गोष्ट. जात चर्चमध्ये शिरली. दक्षिणेत तर जातीनुसार वेगळे बसण्यापर्यंत मजल गेली. बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ मध्ये मंडळ्यांना जात सोडा म्हणून हुकूम काढावा लागला, यातच सगळे आले. आपल्याकडे प्रभुभोजनाला एकत्र बसणारे लोक सोयरीक जुळवताना मात्र पूर्वीची जात विचारत राहिले. महार ख्रिस्ती वेगळा, मांग ख्रिस्ती वेगळा.

बाबासाहेबांनी हे सगळे पाहिले होते. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरच्या लेखनात त्यांनी मिशनऱ्यांना चांगलेच धारेवर धरले. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा फायदा उच्चवर्णीयांनी उचलला आणि गरीब खेडवळ ख्रिस्ती मागेच राहिला, हे त्यांनी दाखवून दिले. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना, तुम्ही शिकलात पण आपल्या हक्कांसाठी राजकीय लढा दिला नाही, असे त्यांनी सुनावले. आणि त्याच भाषणात बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्या मनाला मोहिनी घातली असेही सांगितले.

आता कोणी म्हणेल, बघा, बाबासाहेबांनीच ख्रिस्ती धर्म नाकारला! नाकारला, आणि आम्हीही त्यांच्याच वाटेवर आहोत. पण त्यांची टीका आणि संघाची टीका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संघाचे म्हणणे, हे लोक हिंदू धर्मातून बाहेर गेलेच का? बाबासाहेबांचे म्हणणे, बाहेर गेलात ते बरे, पण पुरेसे मुक्त का झाला नाहीत? पहिली टीका दार बंद करते, दुसरी दार आणखी उघडायला सांगते. १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत धर्मांतराची बाजू मांडणारा माणूस बाहेर पडणाऱ्या गरिबाची टिंगल करील, ही कल्पनाच त्यांचा अपमान आहे.

कायद्याकडे या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशातला तिसरा परिच्छेद म्हणतो, हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध कधी आले? १९९० मध्ये. म्हणजे दीक्षाभूमीवर धम्म घेतल्यानंतर ३४ वर्षे केंद्राच्या दृष्टीने आपणही याच परिच्छेदाच्या बाहेर उभे होतो. धर्म बदलला म्हणून जातीचा चटका गेला नव्हता, फक्त सवलत गेली होती. आपण तेव्हा हेच ओरडून सांगत होतो ना? मग तोच युक्तिवाद आज दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम करतात तेव्हा आपले कान का बंद होतात? २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये पुन्हा न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. आयोगावर आयोग. तोवर जातीवरून मार खाल्लेल्या दलित ख्रिस्ती माणसाला ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही, कारण कागदावर तो दलितच नाही.

‘आपला वाटा कमी होईल’ ही भीती आम्ही समजू शकतो. जागा आधीच भरल्या जात नाहीत, खासगीकरणाने त्या आटत चालल्या आहेत. पण म्हणून भुकेल्याने भुकेल्याला पंगतीतून उठवायचे? मागणी अशी करा की परिच्छेद काढा आणि लोकसंख्येच्या प्रमाणात टक्काही वाढवा. वाटा कोणी पळवला हे शोधायचे असेल तर खाली नको, वर बघा.

आणि ज्यांना अजून वाटते की हे आपल्याशी संबंधित नाही, त्यांनी गुजरातकडे पाहावे. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या गृहखात्याने परिपत्रक काढले की हिंदूने बौद्ध व्हायचे असेल तरी धर्मांतर कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. चर्चकडे बोट दाखवून आणलेला कायदा विहाराच्या दारात पोचला. पत्ता आपलाही लिहिलेला आहे असे आम्ही म्हणालो, ते यासाठी.

शेवटी दोन्ही घरच्या लोकांना दोन शब्द. ख्रिस्ती बांधवांनो, बहिणींनो, पूर्वीची जात लपवून ती जात नाही. सोयरिकीत ती पाळायची आणि मोर्चात ती सांगायला लाजायचे, हे सोडा. नगरच्या बऱ्याच मंडळ्या १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या, त्यात बिशपही आले. सभासदाने हिशेब विचारायचा हा तुमच्या आज्यांचा हक्क होता, तो विसरू नका.

आणि आपल्या तरुणांनो, त्या खेड्यातल्या मंडळीकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दर आठवड्याला एकत्र येणे. चार आणे का होईना, वर्गणी स्वतः देणे. मुलांसाठी रविवारची शाळा. वाचता येणाऱ्या बाईने घरोघर जाऊन दुसऱ्या बाईला वाचायला शिकवणे. आपल्या किती विहारांत दर रविवारी वंदना होते? किती विहारांचा हिशेब वस्तीसमोर वाचला जातो? जयंतीच्या डीजेला जमणारी वर्गणी अभ्यासिकेला का जमत नाही? दुसऱ्याच्या धर्माला शिवी देऊन आपला धम्म वाढत नाही. तो वाढतो विहाराचे कुलूप रोज उघडल्याने.

पुढच्या वेळी ग्रुपवर ती शिवी आली तर फॉरवर्ड करू नका, गप्पही बसू नका. तिथेच उत्तर द्या. मुक्ता साळवेचे नाव सांगा, १९५० सांगा, १९९० सांगा.

जय भीम!