गाडीची पहिली पायरी

गुडघेदुखी हा विषय या सदराला नवा नाही. आज मात्र त्याच गुडघ्याविषयी जरा वेगळ्या जागी, म्हणजे गाडीच्या दारापाशी उभे राहून बोलायचे आहे.

मधुमेह आणि रक्तदाबासाठी माझ्याकडे अनेक वर्षे नियमाने येणाऱ्या एक आजी मध्यंतरी चार महिने फिरकल्याच नाहीत. औषधे नातू घेऊन जाई. विचारले, की म्हणे, ‘‘बऱ्या आहेत डॉक्टर. हल्ली कुठे यायलाच नको म्हणतात.’’ भावाकडचे जाणे बंद, देवदर्शन बंद, लग्नकार्येही बंद. वय ७४. उदासीनता असेल का, विस्मरणाची सुरुवात असेल का, अशा शंका माझ्या मनात आल्या, आणि एका रविवारी मीच त्यांच्या घरी गेलो. आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. बोलणे स्वच्छ, स्मरण लख्ख. नातू चहाचे सांगायला आत गेला तशा हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘त्या गाडीत मला चढवत नाही हो. दोघे मिळून पोत्यासारखे उचलून ठेवतात. चारचौघांत लाज वाटते.’’

अंगणात नातवाचा डबल केबिनचा पिकअप उभा होता. शेतरस्त्याला बरा पडतो म्हणून त्याने सस्पेन्शन उंच करून घेतले होते आणि मोठे टायर बसवले होते. दाराखाली चकचकीत गोल पाइपही होता. ‘‘आजीसाठीच लावलाय,’’ नातू म्हणाला. मी टेप मागवला. जमिनीपासून गाडीच्या आतील तळापर्यंत ६६ सेंटिमीटर भरले आणि पाइपापर्यंत ४८. आजींचा गुडघा जमिनीपासून ४२ सेंटिमीटरवर. म्हणजे नातवाने प्रेमाने लावलेली पायरी आजीच्या गुडघ्यापेक्षाही वर होती!

घरातील साधी पायरी १५ ते १८ सेंटिमीटर उंच असते. तेवढी चढतानाही गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. पायरी जितकी उंच, तितका गुडघा अधिक वाकतो आणि मांडीच्या पुढील स्नायूला अधिक जोर लावावा लागतो. उतारवयात नेमका हाच स्नायू क्षीण होत जातो. उतरणे तर चढण्याहून अवघड, कारण सारे वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर तोलून दुसरा पाय न दिसणारी जमीन शोधत असतो. जुन्या मधुमेहात तळव्याची संवेदना मंदावलेली असेल, तर पाऊल पायरीच्या मधोमध आहे की काठावर, हेही उमगत नाही.

म्हणून उंच गाडीला साइड स्टेप किंवा लांब फूटबोर्ड निवडताना गाडीच्या रूपाआधी घरातील सर्वांत वयस्क माणसाचा गुडघा पाहावा.

उंची. पायरी ही जमीन आणि गाडीचा तळ यांच्या साधारण मध्यावर यावी आणि कोणत्याही परिस्थितीत ज्येष्ठांच्या गुडघ्याच्या बरीच खाली असावी. येथे एक गोष्ट सहज निसटते. गाडी उंच केली, की तिला घट्ट जोडलेला फूटबोर्डही तिच्याबरोबर वर जातो. आतली पायरी पूर्वीइतकीच राहते आणि जमिनीवरून टाकायचे पहिले पाऊल मात्र उंच होते. अशा गाडीला बोर्डाच्या खाली लोंबणारी आणखी एक पायरी लागते. शेतरस्त्यावर ती आपटू नये म्हणून वर दुमडता येणारी असावी.

रुंदी. बोर्ड किती रुंद आहे यापेक्षा दार उघडल्यावर त्याचा किती भाग पाऊल ठेवायला मोकळा मिळतो, ते मोजावे. निदान अर्धे पाऊल, शक्यतो पूर्ण पाऊल आडवे टेकले पाहिजे. बोटांपुरती जागा देणारा अरुंद बोर्ड सर्वांत त्रासदायक. त्यावर धड उभे राहता येत नाही आणि तो ओलांडून थेट उतरायला जावे, तर नडगी खरचटते.

पृष्ठभाग. गुळगुळीत स्टीलचा गोल पाइप पावसात आणि चिखलात घसरतो. सपाट, रबराच्या खाचा असलेली पायरी उत्तम. खाचांत माती बसली की पकड जाते, म्हणून ती धुवायला सोपी असावी. मोतीबिंदू असणाऱ्यांना काळ्या गाडीची काळी पायरी संध्याकाळी दिसत नाही. काठावर पिवळी किंवा चमकणारी पट्टी चिकटवली तरी मोठा फरक पडतो.

मजबुती. पायरी चॅसिसला नटबोल्टने आवळलेली असावी, नुसत्या पत्र्याला स्क्रूने नव्हे. किती वजन पेलेल, ते विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. विकत घेण्यापूर्वी घरातील सर्वांत जड माणसाने टोकावर उभे राहून पाहावे. जरादेखील लवत असेल, तर ती ज्येष्ठांसाठी नाही. ब्रॅकेटचे धारदार कोपरे हाताने चाचपावेत. साडीचा काठ अडकतो तो तिथेच, आणि कातडी फाटते तीही तिथेच.

विजेवर चालणारी पायरी. दार उघडताच खाली येणारी ही पायरी सोयीची खरी, पण चिखलाखड्यांनी अडकू शकते. पाय टाकण्याआधी ती पूर्ण खाली आली आहे का, हे डोळ्यांनी पाहण्याची सवय हवी.

पायरीइतकेच महत्त्व मुठीला आहे. दाराच्या खांबावर, आत, हाताला सहज पोहोचेल अशी पक्की मूठ नसेल तर ती बसवून घ्यावी. दार धरून चढू नये, ते हलते. लाकडी पाट किंवा प्लास्टिकचे स्टूल खाली ठेवणे तर सरळ अपघाताला आमंत्रण. सुटी पायरी वापरायचीच असेल, तर रुंद बुडाची, रबरी पायांची घ्यावी आणि सपाट जमिनीवरच ठेवावी.

सस्पेन्शन किंवा टायर बदलून गाडी उंच करण्याचा विचार असेल, तर आधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे चौकशी करावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील फेरफारांवर बंधने घालते. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनाही असे उंच पिकअप भेटतात. मोजमाप तेच, फक्त इंचांत. सात इंच म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर.

आता चढण्या-उतरण्याची रीत. फिजिओथेरपिस्ट जिन्यासाठी सांगतात तोच नियम येथेही लागू आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एका हाताने मूठ, दुसऱ्याने सीटचा पक्का भाग धरावा. उतरताना गाडीकडे तोंड करून, जिन्याची शिडी उतरावी तसे उतरणे बहुतेकांना सोपे जाते. सोबतच्या माणसाने हात धरून ओढू नये, त्याने खांदा दुखावतो. त्याने मागे, किंचित बाजूला उभे राहून कमरेपाशी हात ठेवावा आणि ज्येष्ठांना त्यांच्या गतीने चढू द्यावे. खुब्याचा सांधा नुकताच बदललेला असेल, तर उंच पायरी चढण्यापूर्वी शल्यविशारदाची अनुमती घ्यावी.

लांबच्या प्रवासानंतर दार उघडताच उतरण्याची घाई करू नये. बराच वेळ बसून एकदम उभे राहिले की काहींचा रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांत हे अधिक घडते. आधी दोन-तीन मिनिटे बसूनच घोटे वर-खाली हलवावेत, मग उतरावे. अंधारी वारंवार येत असेल, तर बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब तपासून घ्यावा.

नडगीला खरचटले, तर ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडू नये. तिथली कातडी पातळ असते आणि मधुमेहात जखम लवकर भरत नाही. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांना रक्तस्राव अधिक वेळ होतो. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन झाकावी, हळद-चुना भरू नये आणि डॉक्टरांना दाखवावी.

आजींच्या गाडीचे पुढे काय झाले? नातवाने गोल पाइप काढला. त्याच जागी ४८ सेंटिमीटरवर सपाट, खाचांचा बोर्ड बसवला आणि त्याखाली २८ सेंटिमीटरवर दुमडणारी पायरी. म्हणजे २८, मग २०, मग १८. पहिले पाऊल अजूनही मोठेच होते. त्यावर उपाय आजींनीच सुचवला: ‘‘गाडी ओट्याच्या खालच्या पायरीला लावून उभी कर की.’’ ती पायरी १२ सेंटिमीटर उंच. राहिले १६! घरच्या जिन्याइतके. सोबत मांडीच्या स्नायूंसाठी खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा व्यायाम दिला, रोज दोन वेळा, झेपेल तितका.

सहा आठवड्यांनी आजी दवाखान्यात आल्या. दवाखान्यासमोर ओटा नाही, म्हणून नातवाने सुटी पायरी सोबत आणली होती. तो मागे उभा राहिला, त्याने हात लावला नाही. आजी वेळ घेऊन उतरल्या, पदर सावरला आणि तपासणीआधीच मला सांगितले, की पुढच्या आठवड्यात भावाकडे जायचे आहे, औषधे जास्तीची लिहून द्या.

आपल्या घरातील कुणी अलीकडे बाहेर जायचे टाळत असेल, तर ‘वय झाले’ असे म्हणण्याआधी एकदा गाडीचे दार उघडून टेप लावून पाहावा.