काम गेले, ते लपवू नका

नोकरी सुटलेला आपला माणूस प्रथम काय करतो, हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. तो ती बातमी लपवितो. सुधागड तालुक्यात, पालीच्या आसपासच्या वस्त्यांतील आपले तरुण खोपोली, नागोठणे आणि रोह्याजवळील धाटाव येथील कारखान्यांत राबतात. पुष्कळांचे काम ठेकेदाराच्या हाताखालचे. ठेका बदलला की एका संध्याकाळी ओळखपत्र काढून घेतात आणि मामला संपतो. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ नेहमीसारखा डबा घेऊन एस. टी. स्थानकावर जातो, दिवसभर कोठेतरी बसतो व अंधार पडता घरी परततो. महिनाअखेर पगाराच्या जागी व्याजाचे पैसे घरात येतात. गृहिणीला खरी गोष्ट कळेपर्यंत कर्जाचा डोंगर झालेला असतो.

ही लाज कशाची? चोरी केली म्हणून काम गेले काय? आपल्या वाडवडिलांनी तर उपजीविका स्वतःच्या हाताने सोडली होती. याच जिल्ह्यातील महाड येथे १९२७ साली परिषद भरली, आणि त्यानंतर गावोगावच्या महारांनी मेलेली गुरे ओढण्यास नकार दिला. बलुते तुटले, बहिष्कार पडले. १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. पण ही कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. मधल्या काळात चुली थंड राहिल्या नाहीत असे नाही. तरीही त्या माणसांनी तोंड लपविले नाही, कारण तो निर्णय साऱ्या वस्तीचा होता. आजचा कामगार मात्र आपले संकट एकट्याने गिळू पाहतो.

लपविण्याइतकेच घातक आहे ते बंद फाटकाकडे डोळे लावून बसणे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो रीतसर मागे असा कधी घेतला गेलाच नाही. लाखाहून अधिक लोकांची कामे मात्र कायमची गेली. गिरणी आज उघडेल, उद्या उघडेल, या आशेवर कोकणातील किती घरांनी वर्षे काढली! त्यांना दोष कसा द्यावा? ज्याला एकच खाते ठाऊक, तो दुसरीकडे जाणार कोठे? आपल्या लोकांना तर विणकाम खात्याचे दारच बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होतो, असे स्पृश्य कामगारांचे म्हणणे. ज्या खात्यात मजुरी अधिक, तेच आपल्याला वर्ज्य. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे मांडला, तो उगाच नव्हे. गिरणगावात घरे सावरली ती पुष्कळदा बायकांच्या खाणावळींनी. या बायांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. घरची स्त्री काय करू शकते, हे तिला वस्तुस्थिती सांगितल्याविना कसे कळणार?

आता हक्कांविषयी. काम सुटताना राजीनाम्यावर सही मागतात. ती देऊ नये. सही झाली की मालकाने काढले हे सिद्ध करणे कठीण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांप्रमाणे कामावरून काढलेल्याची बाकी मजुरी कामाच्या दोन दिवसांत चुकती झाली पाहिजे. ठेकेदाराने ती बुडविल्यास मूळ कारखानदार जबाबदार, हे १९७० च्या कायद्याचे तत्त्व नव्या संहितेतही कायम आहे. ज्याच्या पगारातून राज्य विम्याची वर्गणी कापली जात होती, त्याने विमा कार्यालयात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करावी. २०१८ पासूनच्या या योजनेत बेकार विमेदाराला काही काळ रोख मदत मिळते. तिची मुदत वेळोवेळी वाढविली जाते. पगाराच्या पावत्या, हजेरीची नोंद व भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक नोकरी चालू असतानाच घरी जपून ठेवावा. गेल्यावर कोणी देत नाही.

केंद्राच्या नोकऱ्यांतील राखीव जागा बौद्धांना मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीने, धर्मांतरानंतर चौतीस वर्षांनी. त्या हाती येतात न येतात तोच कायम नोकऱ्या आटू लागल्या आणि ठेकेदारी बोकाळली. ठेकेदाराच्या वहीत राखीव जागा नसतात. तेथे कामाची बातमी एकमेकांच्या तोंडून कळते, आणि ज्यांची माणसे आधीच आत आहेत त्यांनाच ती वेळेवर कळते.

म्हणून विहारातील रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास याच कामी द्यावा. कोणाचे काम गेले, कोठे माणसे घेत आहेत, कोणता ठेकेदार मजुरी बुडवितो, हे सर्वांसमक्ष बोलले जावे. ज्याला यंत्रदुरुस्ती वा वेल्डिंग येते त्याने रिकाम्या पोराला हाताशी घ्यावे. अर्ज लिहिता येणाऱ्या मुलामुलींनी वही-पेन घेऊन यावे. आणि बायकांना मागे बसवू नये. घरात किती दिवसांचे धान्य उरले आहे, हे त्यांनाच नेमके ठाऊक असते.