आडनाव विचारणारे यंत्र

१९८८ सालची गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बँकेच्या शाखेत मी कर्जाचे काम पाहत होतो. एकाच दिवशी दोन यंत्रमागधारक अर्ज घेऊन आले. दोघांचे माग तेवढेच, चादरींची उलाढालही तेवढीच. एकाचे आडनाव माझ्या ओळखीतले होते. त्याचे कर्ज आठवड्यात मंजूर झाले. दुसऱ्याला मी आणखी एक जामीनदार आणायला सांगितले, मग आणखी एक दाखला. त्याचा अर्ज मी नाकारला नाही; फक्त लांबच्या रस्त्याने पाठवला.

हे आठवले ते पुण्यात संगणकाची नोकरी करणाऱ्या पुतणीमुळे. "काका, आमच्याकडेही असे झाले आहे," ती म्हणाली आणि तिने कंपायलरची हकिगत सांगितली.

जकार्डच्या मागाला कागदावरची नक्षी कळत नाही. पुठ्ठ्यावर भोके पाडून ती मागाला सांगावी लागते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरला कळेल अशा आज्ञांत उतरवणारा कंपायलर हा तसाच कारागीर. तो हुशार असेल तर तेच काम कितीतरी लवकर होते.

इंटेलचा कंपायलर हुशारीसाठी नावाजलेला. पण त्यातून निघालेल्या प्रोग्रॅममध्ये एकाच कामाच्या दोन वाटा असत. एक जलद, एका आज्ञेत चार-चार आकडे हाताळणारी. दुसरी जुनी, संथ. प्रोग्रॅम आधी प्रोसेसरला नाव विचारी. 'जेन्युइन इंटेल' असे उत्तर आले तर जलद वाट. 'ऑथेंटिक एएमडी' आले, तर त्याला त्याच जलद आज्ञा येत असूनही संथ वाट! डेन्मार्कच्या आग्नर फॉग यांनी हे तपशिलाने मांडले. एएमडीने २००५ साली लावलेल्या दाव्यातल्या अनेक तक्रारींत हीही होती. २००९ मध्ये तडजोड होऊन इंटेलने १२५ कोटी डॉलर दिले. पुढे २०१० साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या समझोत्यात, हा कंपायलर इतरांच्या प्रोसेसरला तेवढाच लाभ देईलच असे नाही, हे ग्राहकांना सांगणे इंटेलला भाग पडले.

कोणी म्हणेल, स्वतःच्या खर्चाने केलेल्या मालात स्पर्धकाची सोय का पाहावी? मुद्दा रास्त आहे. दुसऱ्यासाठी जादा मेहनत घेऊ नका. पण आपल्याला काय काय येते हे प्रोसेसर स्वतःच सांगत असतो. ते न ऐकता नुसते नाव पाहणे, याला व्यवहार म्हणता येत नाही. शिवाय यात फसतो तो ग्राहक. 'हा प्रोसेसरच संथ' असे म्हणून तो मोकळा होतो.

हे आपल्यापासून दूर नाही. पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्युटरवर चाले, नंतरचा परम पद्म आयबीएमच्या प्रोसेसरवर, परम युवा इंटेलच्या आणि २०२० च्या परम सिद्धीत एएमडीचे प्रोसेसर आले. जनतेच्या पैशातून यंत्रे येणार, कंपन्या बदलत राहणार. म्हणून मधला कारागीर कोणालाही तपासता येईल असा, जीसीसीसारखा खुला असावा, असे मला वाटते. त्या जीसीसीच्या अभ्यासासाठी मुंबईच्या आयआयटीत केंद्र निघाले होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट.

यंत्रातला पक्षपात निदान कोणीतरी मोजून दाखवला. माझा कोणी मोजला नाही. तो विणकर तिसऱ्या खेपेनंतर आलाच नाही, आणि मी त्याच्या अर्जावर शेरा मारला: 'अर्जदारास स्वारस्य नाही.'