बेंचवरचा गुस्सा आणि पंचाची शिट्टी

शालेय बास्केटबॉलमध्ये शिट्टी वाजवणाऱ्या माणसाला मुलांचा त्रास फारसा होत नाही. चौदा वर्षांखालचा मुलगा धडकतो, पडतो, फाऊल दिला की तोंड वाकडं करतो आणि दोन मिनिटांत विसरून जातो. विसरत नाहीत ते बेंचवरचे सर. सामना संपून अर्धा तास झाला तरी ते स्कूटरजवळ गाठतात आणि तिसऱ्या क्वार्टरमधलं ट्रॅव्हलिंग उकरून काढतात. मी भाषेचा शिक्षक, पण कॉलेजात खेळलो होतो म्हणून पंचांची परीक्षा दिली आणि गेली काही वर्षं जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांत उभा राहतो. माझं मत असं झालं आहे की रागावलेल्या कोचला शांत करणं हे पंचाचं काम नाही. तो राग मुलांच्या खेळात आणि आपल्या निर्णयात शिरू न देणं, एवढंच त्याचं काम. नवे पंच पहिल्या कामाच्या मागे लागतात आणि दमून जातात.

राग येतो कुठून हेही पाहिलं पाहिजे. आपल्या शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीनं होतात. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. एक सामना हरला की वर्ष संपलं. जूनपासून सकाळी साडेसहाला मुलांना मैदानावर आणणाऱ्या माणसाची मेहनत तासाभरात निकालात निघते. त्यात दहावी-बारावीला खेळाच्या सवलतीच्या गुणांची आशा, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. पालकांचा हिशेब तिथून सुरू होतो आणि तगादा सरांकडे. शाळेत पीटीच्या सरांची किंमत तशीही कमीच. अभ्यासक्रम मागे पडला की त्यांचा तास गणिताला जातो. वर्षातून एकदा करंडक घेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत जायची संधी, आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी शिट्टी वाजवतो. हे सगळं मला कळतं. कळतं म्हणून सूट द्यावी असं मात्र वाटत नाही.

नियम अनेक कोचना ठाऊकच नसतात. फिबाच्या नियमाप्रमाणे मुख्य कोच आणि पहिला सहायक यांच्यापैकी एका वेळी एकालाच उभं राहता येतं. उभ्या असलेल्यानं आपल्या मुलांना हवं ते सांगावं, पण बेंचची हद्द सोडू नये. पहिल्या सहायकानं पंचाशी बोलायचंच नाही. मैदानावरून काही विचारायचं झालं तर कप्तानानं, अदबीनं, चेंडू आणि घड्याळ दोन्ही थांबलेलं असताना. आमच्याकडे प्रत्यक्षात पाच जण उभे असतात: सर, त्यांचा सहायक, मागच्या वर्षीचा कप्तान आणि कुणाचे तरी दोन मामा. म्हणून माझं पहिलं काम सामन्याच्या आधीच होतं. दोन्ही सरांशी हात मिळवायचा, एका वेळी एकच उभा हे सांगायचं आणि मामांना प्रेक्षकांत पाठवायचं. बसलेला माणूस कमी ओरडतो हा माझा शोध आहे असं सांगायला मला आवडलं असतं. पण अबू दाऊदच्या संग्रहात हदीस आहे की उभ्या माणसाला राग आला तर त्यानं बसावं, तरीही गेला नाही तर आडवं व्हावं. आडवं व्हायचा सल्ला मी अजून कुणा कोचला दिलेला नाही.

खेळ सुरू झाल्यावर सगळं ओरडणं एकसारखं धरू नये. "सर, फाऊल कशाचा?" हा प्रश्न आहे, आवाज चढलेला असला तरी प्रश्नच. त्याला उत्तर मिळालं पाहिजे, पुढचा चेंडू थांबल्यावर, एका वाक्यात: "तुमच्या पाच नंबरनं हातावर मारलं." तेवढं पुरतं. "अरे देवा" किंवा "या अल्लाह" म्हणत कपाळाला हात लावणं हा उसासा आहे. तो ऐकू न आल्यासारखं करावं. प्रत्येक उसाशाला उत्तर देणारा पंच थोड्याच वेळात भांडणातला तिसरा माणूस होतो. पण "तुम्ही ठरवूनच आलात" किंवा "किती घेतले?" हे आलं की वाट पाहायची नाही. ते निर्णयावर बोलणं नाही, नियतीवर बोलणं आहे, आणि बेंचवरची मुलं ते ऐकत असतात. तिथे टेक्निकल फाऊल.

उभं कसं राहायचं हेही महत्त्वाचं. कोचच्या समोर छातीला छाती लावून नको. शेजारी उभं राहावं, तोंड मैदानाकडे. लांबून बघणाऱ्याला दोन माणसं खेळ बघत बोलताहेत असं दिसतं, त्यामुळे कोचलाही प्रेक्षकांपुढे मागे हटावं लागत नाही. आवाज त्याच्यापेक्षा खाली. बोट दाखवायचं नाही. आणि "शांत व्हा" तर अजिबात म्हणायचं नाही. या दोन शब्दांनी शांत झालेला माणूस मी घरात, शाळेत किंवा मैदानावर पाहिलेला नाही.

निम्मं भांडण नियम न वाचल्याचं असतं. "ओव्हर द बॅक!" असं प्रत्येक रिबाउंडला कुणीतरी ओरडतं. असा फाऊल पुस्तकात नाही. उंच मुलानं पाठीमागून, स्पर्श न करता, चेंडू काढला तर त्यानं काहीही चूक केलेली नाही. धक्का लागला तर तो धक्क्याचा फाऊल. ट्रॅव्हलिंगचंही तेच. २०१७ च्या ऑक्टोबरपासून फिबानं नियम बदलला. धावता खेळाडू चेंडू हातात स्थिर करताना जो पाय जमिनीवर असतो तो मोजायचा नाही, त्यानंतर दोन पावलं. जुन्या नियमावर वाढलेले सर तीन पावलं मोजतात आणि पंच आंधळा आहे असं ठरवतात. अशा वेळी राग खोटा नसतो, फक्त जुना असतो.

त्याच तारखेला आणखी एक बदल झाला, तो आपल्या घरातला आहे. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कतारच्या महिला संघानं हिजाब काढायला नकार दिला आणि न खेळताच माघार घेतली. मे २०१७ मध्ये फिबानं डोकं झाकायची परवानगी दिली आणि १ ऑक्टोबरपासून ती लागू झाली. अटी आहेत: चेहरा झाकलेला नको, टाचणी-बक्कल नको, लोंबणारं टोक नको, रंग काळा, पांढरा किंवा संघाच्या पोशाखाचा मुख्य रंग, आणि घालणाऱ्या सगळ्यांचा एकच. आमच्याकडे मुलींच्या एका सामन्यात समोरचे सर टेबलावर आले, आवाज चढवून म्हणाले, "हे चालतं का? उद्या काहीही घालून येतील." टेबलावरचे दोघे माझ्याकडे बघायला लागले. त्या बघण्यात "हा आता काय करतो" हेही होतं. मी अटी एकेक करून सांगितल्या. एका मुलीच्या स्कार्फला पिन होती, ती काढायला लावली. दुसरीची ओढणी लोंबत होती, ती बदलून आल्याशिवाय तिला खेळता येणार नाही म्हटलं. मग तिच्या मॅडम माझ्यावर रागावल्या. "सर, आप भी?" खेळ चार मिनिटं उशिरा सुरू झाला.

त्या "आप भी"बद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्यात ते उघड बोललं जात नाही. उर्दू शाळेचा संघ जिल्ह्याला येतो तेव्हा त्याचे कोच अनेकदा आधीच दुखावलेले असतात. त्यामागे काही खरं असतं. "यांची पोरं दांडगी" हे वाक्य मी पंचांच्या खोलीत ऐकलं आहे, पहिला चेंडू उडायच्या आधी. त्यामुळे पहिल्या फाऊललाच सरांच्या तोंडून निघतं, "हमारे साथ तो हमेशा ऐसाच होता." आणि शिट्टी माझ्यासारख्याच्या हातात असली तर दुहेरी पंचाईत. आपले म्हणतात, अपना आदमी है, थोडा तो देखेगा. समोरचे म्हणतात, त्यांचा माणूस आहे, बघा आता. मी दोघांनाही एकच उत्तर देतो, फाऊलचं कारण. अन्नाबद्दल, नावाबद्दल, मोहल्ल्याबद्दल मैदानावर बोलत नाही. सूरह निसामध्ये इन्साफाची साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातेवाइकांविरुद्ध गेली तरी द्या असा हुकूम आहे. त्यात उर्दू शाळेचा बेंच वगळलेला नाही.

आपल्या कोच मंडळींना मात्र एक सांगायचं आहे. भेदभाव झाला असेल तर त्याची तक्रार लेखी करा, सामना आणि मिनिट लिहून, क्रीडा अधिकाऱ्यांकडे. मी सही करायला तयार असतो. पण दर शिट्टीला तेच ओरडलात तर तुमचा तेरा वर्षांचा पॉइंट गार्ड एवढंच शिकतो की आपण चुकतच नाही, आपल्याला चुकवलं जातं. त्याचा डावा हात कच्चा राहतो तो राहतोच. मुंबईच्या नागपाड्यात पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ चालत आला आहे. तिथून निघालेले अब्बास मुंतसीर भारताचे कप्तान झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. हा खेळ आपल्याला परका नाही.

आता पंचाच्या स्वतःच्या रागाचं. काझीनं रागात असताना दोघांमध्ये निवाडा करू नये, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मैदानावर निवाडा तहकूब करता येत नाही, पुढचा निर्णय तीन सेकंदांत द्यावा लागतो. राग दोन वाटांनी बाहेर येतो. ओरडणाऱ्या कोचच्या संघावर पुढचे दोन किरकोळ फाऊल कडक लागतात, ही एक वाट आणि ती सगळ्यांना दिसते. दुसरी जास्त वाईट, कारण ती चांगुलपणासारखी दिसते: त्याला गप्प करायला पुढचा संशयाचा निर्णय त्याच्या बाजूनं देऊन टाकणं. असा भरपाईचा निर्णय मिळाला की कोचला ओरडण्याचा भाव कळतो. मग शांत बसणाऱ्या कोचच्या मुलांचं काय? त्यांच्या सरांनी अदब पाळली ही त्यांची चूक ठरते. मला राग जाणवला की मी फ्री थ्रोच्या वेळी चेंडू देण्याआधी एक श्वास जास्त घेतो, किंवा जोडीदाराला बेंचच्या बाजूला पाठवतो. फार मोठी विद्या नाही.

टेक्निकल फाऊल देताना नाटक नको. दोन हातांनी टी दाखवायची, टेबलाला सांगायचं, एक फ्री थ्रो, आणि चेंडू ज्यांचा होता त्यांच्याकडे खेळ पुढे. स्वतःच्या वागण्याचे दोन टेक्निकल झाले की कोच बाहेर. १९८५ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचे कोच बॉब नाइट यांनी निर्णयावर चिडून खुर्ची मैदानात भिरकावली होती. तो व्हिडिओ आजही मोबाइलवर फिरतो, आणि आपल्याकडच्या काही तरुण कोचना ती मर्दानगी वाटते. नाइट मोठे कोच होते हे खरं. पण खुर्चीमुळे नव्हते.

कोच बाहेर गेला आणि सहायक नसेल तर नियमानं कप्तानच कोच होतो. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या एका सामन्यात तसं झालं. कप्तान मुलीनं टाइमआउट मागितला, पाच जणींना जवळ घेतलं आणि मिनिटभर शांतपणे कुणी कुणाला अडवायचं ते सांगितलं. सामना त्या हरल्या. स्कोअरशीटवर हरकतीची सही करायला कप्तानाला सामन्यानंतर १५ मिनिटं असतात. बाहेरून सर खुणावत होते, सही कर म्हणून. मी तिला सांगितलं की ही सही गुणलेखन, घड्याळ, खेळाडूची पात्रता अशा गोष्टींसाठी असते, फाऊल पटला नाही म्हणून नाही. तुला करायची असेल तर मी थांबतो. तिनं स्कोअरशीट एकदा वाचलं, पेन परत दिलं आणि बाटली भरायला गेली.

जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयानं स्पर्धेच्या पहिल्या सकाळी सगळ्या कोचना अर्धा तास बसवून बदललेले नियम वाचून दाखवावेत, ही माझी जुनी मागणी आहे. उद्घाटनाचे हारतुरे अर्ध्या तासानं कमी केले तर वेळ निघतो. आमच्या पॅनलवर यंदा कॉलेजची दोन पोरं आली होती, दोघंही चांगली पळणारी, नजर चांगली. त्यातला एक आता येत नाही. त्याला पार्किंगमध्ये गाठून बोलणारे सर पुढच्या महिन्यात पुन्हा संघ घेऊन येणार आहेत, आणि त्या सामन्याला दोन पंच कुठून आणायचे ते अजून ठरायचं आहे.