मिटिंगमधला मागचा बाक

आमच्या सूनबाईचं ऑफिस पुण्यात आणि ती इथे नाशिकला, आमच्या घरी. २०२०च्या टाळेबंदीत सुरू झालेलं घरून काम तिच्यापुरतं चालूच राहिलं. तिच्या गटातले बाकी सगळे परत ऑफिसात जायला लागले. दर मंगळवारी अकराला मिटिंग. मी शेजारच्या खोलीत भाजी निवडत असते (कान देऊन ऐकत नाही, पण कानावर पडतं हो!). तिचं "एक मिनिट, मला इथे..." एवढं अर्धं वाक्य मला पाठ झालंय. पुढचं अर्धं कधी येतच नाही. परवा बाहेर आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. तीन आठवड्यांपूर्वी तिने सांगितलेली चूक त्यांना आता सापडली होती, आणि तिने सांगितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. वर साहेबांचा शेरा, तू मिटिंगमध्ये फारसा भाग घेत नाहीस!

मलाही पूर्वी तसंच वाटलं असतं. पण गेल्या वर्षी आम्हा जुन्या शिक्षकांची एक बैठक झाली, मी घरून मोबाईलवर. तिकडे टेबलावर एक लॅपटॉप आणि भोवती नऊजण. मला दिसत होता छताचा पंखा आणि कुणाचा तरी खांदा. कपबश्यांचा आवाज मात्र स्वच्छ! मी तोंड उघडावं तर दुसऱ्या कुणी सुरुवात केलेली असायची. शेवटी फोन आडवा ठेवला आणि लसूण सोलायला घेतला. वर्गात अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी काय लिहिलं असतं? "लक्ष नसते."

मुलगा म्हणतो, आवाज पोचायला जरासा वेळ लागतो. खोलीतला माणूस थांबला की शेजारचा लगेच बोलायला लागतो. पडद्यावरच्याला ते थांबणंच उशिरा कळतं, आणि त्याचा आवाजही तिकडे उशिराच पोचतो.

मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात वर्गातल्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. मी हे वाचल्यावर वर्गात मनात आकडे मोजायला लागले. पहिले काही दिवस ती शांतता नुसती खायला उठायची. पण मागच्या बाकावरचे आवाज मला तेव्हाच पहिल्यांदा कळले.

म्हणून माझं मत असं, की मिटिंग घेणाऱ्याने प्रश्न आधी पडद्यावरच्या माणसाला, नाव घेऊन, विचारावा आणि मनात तीन आकडे मोजावेत. "कुणाला काही बोलायचंय?" हा काही प्रश्न नव्हे. वर्गात "समजलं का?" विचारलं की सगळे "हो" म्हणतात, त्यातलाच तो प्रकार. आणि जे नुसतं वाचूनच दाखवायचं, ते आमच्या सूचनावहीसारखं आधी फिरवावं. शिपाई वही वर्गावर आणायचा, वाचून सही केली की झालं. आमच्या एका मुख्याध्यापकांना मात्र परिपत्रकं मोठ्याने वाचायची भारी हौस होती... असो.

सूनबाईच्या ऑफिसात हल्ली सुरुवातीला पाच मिनिटं खेळ घेतात, मिटिंग रंगावी म्हणून. मला नाही बाई पटत. जिचं बोलणं कुणी पुरं होऊ देत नाही, तिला कोडी कसली घालता?

माझा भाचा मॅनेजर आहे. तो म्हणाला, "मावशी, नाव घेऊन विचारलं की लोकांना उलटतपासणी वाटते." त्यात तथ्य आहे. अचानक नाव पुकारलं की माझी मुलंही गडबडायची. मग आदल्या दिवशी कळवावं ना, उद्या तुला अमुक विषयावर विचारणार आहे म्हणून!

सूनबाईला म्हटलं, साहेबांना तूच हे सुचव. तर म्हणाली, "सुचवेन हो आई, पण ते मिटिंगमध्येच सुचवावं लागेल ना?"